पूर्ण नाव सांग

नीरा नरसिंहपूरच्या घाटावर एकदा सकाळी लवकर या. पुणे जिल्हा इथे संपतो. एका अंगाने नीरा येते, दुसऱ्या अंगाने भीमा, आणि इंदापूर तालुक्याचं हे टोक दोन पाण्यांच्या मधे निमुळतं होत जातं. पलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्याचा. पाठीशी लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. लांबलांबून माणसं इथे कुलदैवताला येतात. अभिषेकाला बसलं की गुरुजी आधी विचारतात, गोत्र काय, आडनाव काय? देवळात हा प्रश्न शोभतो. आपण कुणाचे, हे तिथे सांगायचंच असतं.

हाच प्रश्न शाळेत विचारला की पुढे काय होतं, ते बघायला आज निघायचं आहे.

इथली कथा प्रल्हादाची. संगमावर त्याने वाळूची नृसिंहमूर्ती घडवली, असं सांगतात. पण प्रल्हाद भक्त म्हणून गाजण्याआधी विद्यार्थी होता, हे आपण विसरतो. शंड आणि अमर्क हे शुक्राचार्यांचे मुलगे त्याचे मास्तर. मुलगा दैत्याचा, तेव्हा दैत्यासारखाच निघणार, हा हिशेब मांडून त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. त्या हिशेबात पोर बसेना, तेव्हा तक्रार घेऊन ते थेट बापाकडे गेले. मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुळ बघून विद्यार्थ्याचा अंदाज बांधणारे गुरुजी आपल्याकडे पुराणापासून आहेत.

आता घाटाच्या पायऱ्या उतरायला लागा. शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय बुडाला की तुमचं वय अकरा वर्षं होईल. इयत्ता सहावी, किंवा त्या काळात तिला जे म्हणत असतील ते. बुद्धी आत्ता आहे तीच राहील. दर वेळी बदलेल ते आडनाव, आणि कधी मुलगा असाल, कधी मुलगी. आणि आता तुम्हाला कुणी अहो-जाहो करणार नाही. अकरा वर्षांच्या पोराला कोण करतं?

१८५५, पुणे

तू मुलगी आहेस. मांगवाड्यातली. हातात दगडी पाटी, बोटांना पेन्सिलीची पांढरी भुकटी. तुझ्या आईने, आजीने, तिच्या आईने कधी पाटी धरली नाही. जोतीराव फुल्यांनी १८५२ साली पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली, त्यानंतर तुझ्या वस्तीतल्या पोरांच्या हातात अक्षरं आली. रस्त्याने येताना माणसं तुझ्याकडे बघून बाजूला होतात. वर्गात मात्र तुझ्याकडे बघून कुणी सरकत नाही.

शेजारी मुक्ता बसते. मुक्ता साळवे. तुझ्याच जातीची. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आहे आणि तो या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला आहे. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर मग आमचा धर्म कोणता, असं या पोरीने अख्ख्या पुण्याला विचारलं आहे.

जरा थांब आणि विचार कर. मांगाच्या मुलीला निबंध जमेल, असं आधी कुणाला तरी वाटावं लागलं. तिला नुसती बाराखडी घोटायला लावली असती, तर बाराखडीच आली असती. आणि मग ‘बघा, यांना बाराखडीच्या पुढे जात नाही’ म्हणायला लोक मोकळे झाले असते. शिक्षकाची अपेक्षा अशी कामातून दिसते. कुणाला निबंध दिला आणि कुणाला पाटी पुसायला दिली, एवढं बघितलं तरी पुरतं.

पुढे १८८२ साली जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांनी त्यात मांडलं. मास्तरची नजर कुठून येते, हे त्यांना कळलं होतं. हे लक्षात ठेव. पुढे लागेल.

१९००, सातारा

इंग्रजी पहिलीचा वर्ग. “पूर्ण नाव सांग.”

या खेपेला तुझं आडनाव चांगलं आहे. तू ते सांगतोस, मास्तर मान डोलावतात, तुझ्या चुलत्यांची चौकशी करतात. तू बाकावर जाऊन बसतोस. यात विशेष काही घडलं असं तुला वाटतसुद्धा नाही.

कोपऱ्यात एक मुलगा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याचं नाव लागलं आहे: भिवा रामजी आंबेडकर. त्याच्या बुडाखाली गोणपाट आहे. ते त्याचं स्वतःचं. शाळा सुटली की तो ते घरी घेऊन जातो आणि सकाळी परत आणतो, कारण वर्ग झाडणारा शिपाई त्या गोणपाटाला हात लावत नाही.

तुला तहान लागते. तू बोट वर करतोस, मास्तर हो म्हणतात, तू नळावर जाऊन तोटी सोडतोस आणि ओंजळीने पोटभर पाणी पिऊन येतोस. त्यालाही तहान लागली आहे. त्याला नुसती परवानगी पुरत नाही; नळ सोडायला शिपाई लागतो, आणि शिपाई आज कुठे दिसत नाही. तो दिवसभर तसाच बसतो. शेवटच्या तासाला मास्तर गणित विचारतात. घसा ओला असलेल्या तुला आणि कोरडा असलेल्या त्याला, एकच गणित. त्याचं उत्तर उशिरा आलं तर त्याचा दोष कशावर टाकतील, ते तू बाकावर बसून ऐकू शकतोस.

चार-पाच वर्षांनी तोच मुलगा मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात आहे. मास्तर त्याला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावतात आणि वर्गात गलका उडतो. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले असतात. त्याचा स्पर्श होण्याआधी ते उचलायला पोरं धावतात. ही गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. पण तिच्यातला एक माणूस आपण नेहमी विसरतो, तो म्हणजे फळ्याकडे बोलावणारा मास्तर. या मुलाला गणित येईल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने बोलावलं. वर्गाला मात्र फक्त डबे दिसले.

१९०७ साली तो मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२, म्हणजे आजच्या हिशेबाने ३८ टक्क्यांच्या आत. एवढ्या गुणांवर तुझ्या-माझ्या शाळेत आज कुणाला कसली आशा वाटेल? कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना वाटली. ते विल्सन हायस्कूलचे शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. त्याच्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची वाट करून दिली. केळुसकर त्याच्या वर्गावरचे मास्तरही नव्हते. त्यांनी मुलाला वाचताना बघितलं होतं, एवढंच.

१९१९ ते १९५२, एका दमात

इथून पायऱ्या भराभर चढ. १९१९ साली कोल्हापुरात शाहू महाराज अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत घ्यायला लावतात. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था काढतात, आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर भाकऱ्या थापतात. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर होतो आणि सरकारी पैशावर चालणारे पाणवठे आणि शाळा कागदावर सर्वांना खुल्या होतात. १८७१ पासून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द होतो.

गोणपाट गेलं. नळाची तोटी सगळ्यांच्या हाताला आली. ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी माणसांनी आयुष्यं वेचली. मास्तरच्या मनातला अंदाज मात्र कुठल्याच ठरावात लिहिलेला नव्हता, म्हणून तो रद्दही झाला नाही.

१९७५, इंदापूर तालुका

“पूर्ण नाव सांग.”

तू सांगतोस. मास्तर हजेरीपटावरून मान वर करतात. “कुठल्या वस्तीवरचा?” तेही सांगतोस. “बरं, बस मागे.”

तुझी वस्ती गावाबाहेर, माळावर. तुझे आजोबा दिवसातून तीनदा पोलिसपाटलाकडे हजेरी द्यायचे, असं घरात बोलतात. तू त्यांच्यातला शाळेत आलेला पहिला. तुला पाढे येतात. एकोणतीसचा पाढासुद्धा येतो, कारण वस्तीवर रात्री दुसरं करण्यासारखं काही नसतं आणि तुला आकड्यांची गंमत वाटते.

दुसऱ्या तासाला पाटलांच्या मुलाचं पेन हरवतं. शाईचं, सोनेरी टोपणाचं. मास्तर काही बोलत नाहीत. फक्त बघतात. वर्गात अडतीस पोरं आहेत, पण ती नजर इकडेतिकडे न जाता सरळ तुझ्यावर येऊन थांबते. मग सदतीस माना वळतात. तू दप्तर उलटं करतोस. अर्धी भाकरी, पाटी, फडकं. पेन नाही. थोड्या वेळाने ते त्याच मुलाच्या बाकाखाली, पायाशी सापडतं. “सापडलं का? चला, वही काढा.” धडा पुढे सुरू होतो.

त्यानंतर मास्तर एकोणतीस सक विचारतात. तुला येतं. तुझा हात मांडीवरून उठतच नाही. संध्याकाळी मास्तर शिक्षकांच्या खोलीत कुणाला तरी सांगतात, “ते मागचं पोरगं घुमं आहे, काही डोक्यात शिरत नाही त्याच्या.” ते खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिसलं तेच सांगतात. ते तसं दिसायला आपली नजर कारण झाली, हे कुणी त्यांना दाखवलेलं नाही.

नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यात एका कैकाडी घरात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांनी १९८० साली ‘उपरा’ लिहिलं. त्या पुस्तकाने आणि त्या दशकातल्या कितीतरी आत्मकथनांनी मराठी वाचकाला शाळेच्या मागच्या कोपऱ्यातून वर्ग कसा दिसतो ते दाखवलं. ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही असं मास्तर म्हणाले होते, त्यांनीच ही पुस्तकं लिहिली.

२००३, उत्तर प्रदेशातलं एक खेडं

थोडं लांब जाऊन येऊ, कारण जे आपण सोसलं ते तिथे मोजलं गेलं.

तू सहावी-सातवीतला मुलगा आहेस. खोलीत तुम्ही सहा जण, तीन उंच म्हणवणाऱ्या जातींचे, तीन खालच्या म्हणवणाऱ्या. हातात कागदांचा गठ्ठा आणि प्रत्येक कागदावर एक भूलभुलैया. वाट शोधून पेन्सिलीने रेघ काढायची. वेळ पंधरा मिनिटं. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी हा प्रयोग केला. दोन्हीकडची ३२१-३२१ मुलं त्यांनी घेतली.

पहिल्या प्रकारात कुणाची जात उच्चारली नाही. दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या प्रकारात, सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. बाकी सगळं तेच. कुणी टोमणा मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं वाचलं. आणि ‘खालच्या’ जातींच्या मुलांची सुटलेली कोडी स्पष्टपणे कमी झाली.

तुझी पेन्सिल कागदावर आहे. वाट तुला दिसते आहे. पण खोलीतल्या सगळ्यांना आता तू कोण ते माहीत आहे, आणि त्यांना तुझ्याकडून काय वाटतं तेही तुला माहीत आहे. कोडं सोडवायला लागणाऱ्या डोक्याचा एक कोपरा त्यातच अडकून पडतो. कागद तोच, भूलभुलैया तोच. ज्या डोक्याने आधीच्या प्रकारात वाट काढली असती, तेच डोकं आता आजोबांचं नाव ऐकत बसलं आहे.

२०१०, पुन्हा आपल्याकडे

जिल्हा परिषदेची शाळा. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. ही एका शाळेची गोष्ट नव्हे. इयत्ता सहावी, तू मुलगी. शिपाई कागद घेऊन येतो आणि बाई वर्गासमोर वाचतात: “शिष्यवृत्तीवाल्या मुलींनी उभं राहा. जातीचे दाखले कुणाचे राहिलेत?”

सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची शिष्यवृत्ती. पाचवी ते सातवीच्या मागासवर्गीय मुलींना, महिन्याला ६० रुपये. सरकारने चांगल्या मनाने दिलेली, तुझ्या हक्काची. चार मुली उभ्या राहतात. बाई एकेकीच्या नावापुढे प्रवर्ग वाचून खूण करतात. मागून कुणीतरी पुटपुटतं, “सरकारी जावई.” हसू पसरतं. बाईंनी ते ऐकलं की नाही, तुला कळत नाही.

पुढच्याच तासाला जादा वर्गाची यादी होते. पुढच्या वर्षी सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायची मुलं निवडायची आहेत. शब्द एकच, ‘शिष्यवृत्ती’, पण मघाची शिष्यवृत्ती जातीची आणि ही हुशारीची, असं वर्गातलं प्रत्येक पोर समजून आहे. बाई वर्गावरून नजर फिरवतात आणि बोटं मोजत नावं घेतात. घटक चाचणीत तुला त्या यादीतल्या दोघींपेक्षा जास्त गुण होते. तुझं नाव येत नाही. बाईंना तुझा राग नाही. त्यांना तू आठवलीच नाहीस. तू त्यांच्या डोक्यात दुसऱ्या यादीत आहेस, जी त्यांनी अर्ध्या तासापूर्वी स्वतःच मोठ्याने वाचली होती.

उत्तर प्रदेशातल्या त्या खोलीत मुद्दाम प्रयोग करावा लागला. आपल्या वर्गात तो दर वर्षी होत आला आहे, दाखल्यांच्या तारखेला.

खुर्चीवर

आता वय परत घ्या. उठा, बाक सोडा आणि टेबलामागच्या खुर्चीवर बसा. इथे बसलात म्हणून मी तुम्हाला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणतो आहे. लक्षात आलं ना, खुर्ची काय करते ते?

समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन या संशोधकांनी भारतातच हा प्रयोग केला; त्याचा लेख २०१२ साली आला. मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिका १२० शिक्षकांकडून तपासून घेतल्या. प्रत्येक पत्रिकेच्या पहिल्या पानावर वय, मुलगा की मुलगी आणि जात लिहिलेली होती, पण ती चिठ्ठ्या टाकून, लिहिणाऱ्या मुलाशी काहीही संबंध न ठेवता. तेच उत्तर, तेच अक्षर. वर खालच्या जातीची खूण असली की गुण थोडे कमी पडले. फरक लहान होता, पण होता. गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या पत्रिकांवर तो जास्त दिसला, जेव्हा तपासणाऱ्याचा अजून अंदाज बसलेला नसतो आणि हात आपोआप ओळखीच्या खुणेकडे जातो.

आता यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट ऐका. हे गुण कमी देणारे प्रामुख्याने स्वतः खालच्या म्हणवणाऱ्या जातींतले शिक्षक होते. जोतीरावांचं निवेदन लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागतं. शिक्षक मुलांच्यातला असावा, हे खरंच. पण तेवढ्याने पुरत नाही. जो स्वतः मागच्या कोपऱ्यात बसून वाढला, त्याच्याही मनात त्या कोपऱ्याविषयीचा अंदाज शाळेनेच घातलेला असतो. म्हणून हा लेख कुठल्या एका जातीच्या मास्तरांवरचा खटला नव्हे. खुर्चीवर जो बसतो, त्या प्रत्येकाने स्वतःला तपासायचं आहे.

जग यातून सुटलेलं नाही. अमेरिकेत जातीच्या जागी वंश येतो. तिथल्या २०१६ सालच्या एका अभ्यासात एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याविषयी दोन-दोन शिक्षकांचा अंदाज विचारला होता. हा मुलगा पदवीपर्यंत जाईल, असं म्हणण्याची शक्यता कृष्णवर्णीय शिक्षकाच्या मानाने गोऱ्या शिक्षकात सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाली. मुलगा एकच होता. त्याआधी १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांचं पुस्तक आलं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत त्यांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलं निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही यंदा झपाट्याने पुढे जातील. वर्षअखेर पहिली-दुसरीतली अशी मुलं खरोखर पुढे गेलेली दिसली. या परिणामाच्या आकारावरून संशोधकांत पुढे पुष्कळ वाद झाले. तरी ज्याने कधी वर्ग घेतला आहे, त्याला त्यातला गाभा ओळखीचा वाटतो. ज्याच्याकडून उत्तराची आशा असते, त्याच्यासाठी मास्तर दोन क्षण जास्त थांबतो. तो चुकला तर “घाई केलीस बघ” म्हणतो. तीच चूक दुसऱ्याने केली की “तुझ्या डोक्यात शिरायचं नाही” म्हणतो. एका चुकीचे हे दोन निकाल, सहावी-सातवीच्या वयात, रोज दहादा. त्या वयात मूल स्वतःविषयी जे ऐकतं, ते त्याच्या अंगी लागतं.

आज, संगमावर

पायऱ्या चढून वर या. पाय कोरडे करा.

ऊस तुटायला लागला की या रस्त्यांवरून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे वळतात: शहाजीनगरला, भवानीनगरला, तिकडे माळेगाव-सोमेश्वरला. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आणि आणखी लांबून कोयते येतात. आणि ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असा हिशेब असला तरी त्यांच्यामागे अकरा वर्षांचं पोरही असतं. दिवाळीनंतर ते इथल्या शाळेच्या दारात उभं राहतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसायचा हक्क दिला आहे, आणि त्याच कायद्याने विद्यार्थ्याचा मानसिक छळही वर्ज्य ठरवला आहे. तरीही त्याच्याकडे बघताना मनात पहिलं वाक्य उमटतं, ‘हे काय, मार्चला जाणार.’ कायदा त्याला वर्गात आणून बसवतो. ते वाक्य त्याला मागच्या कोपऱ्यात नेऊन बसवतं.

गुरुजी, बाई, हे तुम्हाला उद्देशून आहे. तुम्ही थकलेले आहात, एका हाताने वर्ग आणि दुसऱ्या हाताने सरकारी माहिती भरता, हे ठाऊक आहे. मी मागतो त्याला पैसे लागत नाहीत आणि वरून आदेशही लागत नाही. जातीच्या दाखल्यांची यादी वर्गात वाचू नका. पालकांना बोलावून घ्या. उत्तरपत्रिका तपासताना नावाची कड दुमडून घ्या. एक आठवडाभर स्वतःपुरती खूण करा, आज फळ्याकडे कोण आलं, कुणाच्या उत्तरासाठी थांबलो, कुणाला पाणी आणायला आणि वर्ग झाडायला सांगितलं. शनिवारी ती चिठ्ठी एकट्याने वाचा. जादा तासाची यादी झाली की घटक चाचणीचे गुण समोर धरून ती पुन्हा बघा, कोण राहिलं ते. आणि एखादं पेन हरवलं, तर नजर आधी खाली वळू द्या, बाकाखाली.

जूनमध्ये शाळा उघडेल आणि एक नवीन मूल दारात उभं राहील. त्याला नाव विचारा, आणि नावावरच थांबा. मग खडू त्याच्या हातात द्या.